पिसं आणि चीक

लंडन, ३ मार्च १८४७

गॅव्हिन,

मी घर सोडलं त्याला येत्या शनिवारी आठ महिने होतील. तू आधी पत्र लिहिणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तेव्हा मी हरलो असं समज आणि पुढचं वाच.

सोबतच्या पुडक्यात गोल्फचे दोन चेंडू आहेत. हसू नकोस, ते मी केलेत. ज्या कारखान्यात मी आहे तिथे पूर्वेकडच्या बेटांवरून एका झाडाचा चीक येतो. वाळलेला असतो, विटांसारखा. गटापर्चा म्हणतात त्याला. उकळत्या पाण्यात टाकला की कणकेसारखा मऊ होतो, हवा तो आकार द्यावा, आणि गार झाला की लाकडासारखा टणक. आम्ही त्याचे बुटांचे तळ करतो, नळ्या करतो. एका शनिवारी काम सुटल्यावर उरलेला तुकडा मी हातात घेऊन बसलो होतो, आणि सवयीनं तळव्यांत वळत गेलो. बघतो तर चेंडू.

याला टाका नाही, त्यामुळे उसवत नाही. पाऊस पडला तरी पाणी पीत नाही. तडकला तर पुन्हा गरम पाण्यात घाल, पुन्हा गोल. तू दिवसभरात चार चेंडू करतोस, मी तासाभरात दहा केले असते.

आणि गॅव्हिन, यात पिसांची धूळ नाही. बाबा गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. शेवटच्या हिवाळ्यात खोकले की त्यांच्या रुमालात पिसांची लव यायची, ते तूही पाहिलंस. तू म्हणतोस थंडीनं गेले. आपल्या गल्लीत चेंडू करणारी पाच घरं, आणि पाचांपैकी एकाही घरात साठीचा म्हातारा नाही. खाली कोळ्यांच्या आळीत ऐंशीचे म्हातारे उघड्यावर जाळी विणत बसतात. त्यांना थंडी वाजत नाही का?

माळावर नेऊन मारून बघ. माझ्याखातर नको, आपल्या बहिणीखातर, एफीखातर बघ. तिचं आयुष्य त्याच कामाच्या खोलीत चाललंय. आणि खरं काय ते लिही. चेंडूतलं तुझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. तू चालत नाही म्हणालास तर मी सोडून देईन.

निनियन

पिटनार्डी, ३० मार्च १८४७

निनियन,

पत्र पोचलं, पुडकंही पोचलं. एफीला वाटलं तू साबण पाठवलास. हात धुवायलाच निघाली होती.

माझ्यावर विश्वास टाकलास म्हणून नीट परीक्षा घेतली. सोमवारी सकाळी मेजर हॅलकेट खेळायला आले होते, त्यांच्या काठ्या वाहणारा डॉड पिरी बरोबर होता. मेजरांनी तुझा चेंडू ठेवला आणि सणसणीत मारला. पुरुषभर उंच उठला, साठ पावलं गेला, आणि गोळी लागलेल्या बदकासारखी मान टाकून खाली. दुसरा मारला, तीच गत. मग त्यांनी माझा पिसांचा मारला. तो एकशेनव्वद पावलांवर डॉडनं उचलला. मेजर म्हणाले, "रिंटूल, भावाला कळव, यानं उंदीर छान मरतील." डॉड तर हसता हसता खालीच बसला.

तू विसरला असशील म्हणून सांगतो. बैलाचं कातडं तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, तुकडे शिवायचे, उलटवायचे, आणि बोटभर चिरेतून टोपीभर उकडलेली हंसाची पिसं आत कोंबायची. हातानं जातील तेवढी, मग दांडा छातीला लावून सगळ्या अंगाचा भार देऊन. मग चीर शिवायची. वाळताना कातडं आवळतं आणि ओली पिसं फुगतात. एक म्हणतं आत हो, दुसरं म्हणतं बाहेर येणार. त्या भांडणातून चेंडूला जीव येतो. तुझ्या गोळ्याच्या पोटात कसलं भांडण आहे? आतून बाहेरून एकच चिखल.

दोन्ही चेंडू चुलीत टाकले. घरभर घाण वास सुटला.

बाबा थंडीनं गेले.

गॅव्हिन

पिटनार्डी, १४ मे १८४७

निन,

गॅव्हिननं तुला काय लिहिलं ते त्यानं मला वाचू दिलं नाही, पण लिहिताना मिशीत हसत होता. तेव्हा चांगलं लिहिलं नसणार. मनाला लावून घेऊ नकोस. तू गेलास त्या दिवसापासून तो तुझ्या बाकावर कुणाला बसू देत नाही, सामानही ठेवत नाही. हे त्याला सांगू नकोस.

एक गंमत सांगते. एप्रिलच्या सुरुवातीला दहाएक दिवस तो रोज पहाटे एकटाच माळावर जायचा. विचारलं की म्हणे, "वारा बघायला." बावीस वर्षं चेंडू करतोय, कधी वारा बघायला गेला नाही. आता बंद झालंय. परत यायचा तेव्हा चेहरा असा, की मी लापशी पुढे ठेवून बाजूला व्हायचे.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. गेल्या महिन्यात दांडा घसरला आणि त्याची बरगडी दुखावली. वैद्य म्हणाला मोडलीच आहे. छातीला पट्टा बांधून बसतो, शिंकही गिळतो. बाकी घरी ठीक. मासे भरपूर आलेत. पाळकांच्या बायकोला सातवं झालं.

तुझ्या चेंडूंचं काय झालं? आणखी केलेस का?

एफी

लंडन, २ जून १८४७

एफी,

चेंडूंचं काही झालं नाही. गॅव्हिन नाही म्हणाला, म्हणजे नाही. आमच्या मुकादमाला कल्पना आवडली होती. म्हणाला होता, पन्नास कर, बघू. मी त्याला सांगितलं की आमच्या फाइफ परगण्यातला सगळ्यात जाणता चेंडू करणारा माझा भाऊ आहे आणि तो म्हणतो यानं उंदीर मारावेत. मुकादम हसला. लाकडाचा साचा कोरला होता, तो मी शेगडीत घातला. आता बुटांचे तळ करतो. तळांना उडावं लागत नाही.

पण मला सांग, बरगडी मोडलेला माणूस दांडा छातीनं कसा दाबतो? मग पिसं भरतंय कोण?

इथे ये, एफी. माझ्या घरमालकिणीला शिवणकाम येणारी बाई हवीय. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. धूर असतो, पण तो निदान खिडकीबाहेर असतो.

निन

पिटनार्डी, ९ नोव्हेंबर १८४७

निन,

पाच महिने उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहिलं की तू ओरडणार.

मी भरते पिसं. मेपासून. ओरडून झालं असेल तर पुढे वाच.

शरदातल्या सामन्यांसाठी मागणी आधीच घेतलेली होती, आणि गॅव्हिनला दांड्याकडे बघितलं तरी घाम फुटायचा. मी म्हटलं, मला दाखव. तो म्हणाला, "हे बायकांचं काम नाही." मी म्हटलं, "मग तू शिव, बघू टाके कसे येतात." त्यानं तीन टाके घातले आणि दांडा माझ्या हातात दिला.

आणि ऐक, मी चांगली आहे यात. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक, आता तीन होतात. मेजर हॅलकेटना ठाऊक नाही कुणी भरलेत ते, पण परवा म्हणाले, "रिंटूल, हा नवा माल जुन्यापेक्षा दहा पावलं लांब जातो." गॅव्हिनचं तोंड बघायला हवं होतंस! त्याची बरगडी आता जुळलीय, पण तिथे जोर लावता येत नाही. म्हणून तो कातडं कापतो, रंग देतो, आणि भरणं माझ्याकडे.

खिडकी उघडता येत नाही, पिसं उडतात. संध्याकाळी केसांतून लव झटकते तेव्हा मांजर शिंकतं. थोडा खोकला आहे. सगळ्यांनाच आहे, नोव्हेंबर आहे. वसंतातले सामने झाले की सोडेन.

गॅव्हिनला लिहू नकोस. माझी शपथ.

एफी

लंडन, १६ नोव्हेंबर १८४७

गॅव्हिन,

एफीनं मला शपथ घातली होती. ती मोडून लिहितोय.

तू तिच्या हातात दांडा दिलास. ज्या खोलीनं बाबांना खाल्लं त्याच खोलीत, बंद खिडकीच्या आत, तू तिला बसवलंस. मी तुला दुसरी वाट पाठवली होती, टपालानं, पुडक्यात बांधून. चालली नाही, ठीक आहे. पण मग धंदा सोड. मासे पकड, कोळसा वाहा, काहीही कर. ती खोकतेय.

निनियन

पिटनार्डी, ८ डिसेंबर १८४७

निनियन,

घर सोडून गेलेल्यानं घरातल्यांना शहाणपण शिकवू नये. एफी सदतीस वर्षांची बाई आहे, तिला कुणी बसवत नाही, ती बसते. तिला सर्दी झालीय. मोहरीचा लेप लावतो.

गॅव्हिन

पिटनार्डी, २ एप्रिल १८४८

निनियन,

हे पत्र चार वेळा सुरू केलं. आता थांबणार नाही.

एफीला सर्दी नाही. फेब्रुवारीपासून ती झोपूनच आहे. कूपरहून मोठा डॉक्टर आणला. त्यानं तिच्या पाठीला कान लावला, मग बाहेर येऊन खोलीतली पिसं बघितली, आणि मला एवढंच विचारलं, "तुमचे वडील कशानं गेले?" मी सांगितलं. पहिल्यांदा खरं सांगितलं.

आता दुसरं खरं ऐक. तुझा चेंडू उडतो.

तीस मार्चला तुला लिहिलं ते घडलं तसंच लिहिलं होतं. मेजरांनी मारला तेव्हा तो खरंच पडला. फक्त चुलीत टाकल्याचं खोटं. टाकवले नाहीत, तुझ्या हातचे होते. मनात आलं, एकदा आपण मारून बघू. पहाटे कुणी नसताना जायचो. सहा दिवस तो तसाच मान टाकत होता. लोखंडी काठीनं मारून मारून त्याच्यावर ओरखडे पडले, खाचा पडल्या. सातव्या दिवशी मला वाटलं आता हा फुटणार, आणि शेवटचा म्हणून मारला. निनियन, तो सरळ गेला. वाऱ्यावर स्वार होऊन गेला आणि जिथे पडला तिथून पुढे घरंगळला. मला वाटलं चुकून झालं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. दुसरा चेंडू गुळगुळीत होता, तो पडला. घरून हातोडी आणून त्यालाही ठोकलं, सगळीकडून. मग तोही गेला. अंग गुळगुळीत असलं की वाऱ्याला त्याला धरता येत नाही, खरबरीत असलं की धरता येतं, असं काहीतरी असावं. माझी अक्कल तिथपर्यंतच.

पाऊस आला तेव्हाही मारून बघितला. माझा पिसांचा भिजून लापशीच्या गोळ्यासारखा झाला. तुझा कोरडाच.

मग मी माळावर बसलो. मला एवढंच दिसत होतं की हे बाहेर पडलं की पाच घरांतले दांडे अडगळीत जाणार, आणि चव्वेचाळीसाव्या वर्षी मी धाकट्या भावाकडे शिकाऊ म्हणून उभा राहणार. आणि बाबा उगाचच गेले असं होणार. दोन्ही चेंडू घरी आणून पिसांच्या पिंपाच्या तळाशी दडवले. त्यानंतर पंधरा दिवसांनी बरगडी मोडली. तेव्हाही सांगता आलं असतं. एफीनं दांडा मागितला तेव्हा सांगता आलं असतं. नोव्हेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा सांगता आलं असतं.

चीक पाठव. जमेल तितका. पिसं सगळी मी समुद्रकाठी नेऊन सोडली. खिडकी उघडलीय.

गॅव्हिन

लंडन, ८ एप्रिल १८४८

गॅव्हिन,

गुरुवारच्या लीथच्या बोटीनं चीक पाठवलाय, दोन पेट्या. मुकादमाला विचारून घेतलाय.

पातळ चकत्या काप. पाणी उकळतं हवं, पण चकत्या तळाला लागू देऊ नकोस, चिकटतात. मऊ झाल्या की मळ, आत हवा राहता कामा नये, राहिली तर थंडीत मारताना तुकडे होतील. वळून झाला की लगेच गार पाण्यात, आणि पाण्यात फिरवत राहा, नाहीतर एक बाजू चपटी होते. महिनाभर ठेवून मग वापरायला दे.

लोणी आणि मधाची बरणी एफीसाठी आहे.

तुझ्या पत्रातलं बाकीचं वाचलं.

निनियन

पिटनार्डी, २१ मे १८४८

निन,

हे दोन दिवसांत लिहितेय, मधे मधे थांबून. अक्षराला नावं ठेवू नकोस.

त्यानं मलाही सांगितलं. खाटेशेजारी उभा राहून, टोपी हातात धरून, पाळकासमोर उभं राहावं तसा. मी काय म्हटलं ते त्यानं तुला लिहिलं नसेल. मी म्हटलं, "गाढवा." मग दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

पाळक येतात आणि म्हणतात, क्षमा कर. मी म्हणते, करेन, पण घाई कसली? खरं तर घाई आहे, ते त्यांनाही ठाऊक आणि मलाही. पण निन, मला राग येतो. मला या वर्षी जत्रेला जायचं होतं. तुझी पूर्वेची खिडकी बघायची होती. आणि मग त्याच्याकडे बघते. तो लापशी भरवतो तेव्हा अर्धी उशीवर सांडतो आणि आपल्याच बाहीनं पुसतो, आणि राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

एक मात्र खरं, मला कुणी ढकललं नव्हतं. मला त्या कामात मजा येत होती. बावीस वर्षं मी आतले टाके घातले आणि चेंडू गॅव्हिनचे म्हणून विकले गेले. ते नऊ महिने चेंडू माझे होते.

आता इथलं ऐक. खाट पुढच्या खोलीत आणलीय, उघड्या खिडकीशी. तो बाकावर बसून हातोडीनं चेंडू ठोकतो. आधी मन मानेल तसा ठोकायचा, चेंडू देवी आलेल्या माणसासारखे दिसायचे, आणि काही सरळ जायचे, काही डावीकडे पळायचे. मी म्हटलं, "अरे, टाके घालतात तसं मार. ओळीनं, सारख्या अंतरावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत." खडूनं आखून दिलं. त्या दिवसापासून सगळे सरळ जातात. डॉड पिरी म्हणाला, "एफी, चेंडूला कशिदा काढलास की." इतकी हसले की मग खोकला आवरेना, आणि गॅव्हिननं डॉडला हाकललं.

वसंतातल्या सामन्याला पाऊस होता. मेजर पाच खळगे पिसांच्या चेंडूनं खेळले, तीन चेंडू फुगून उसवले, सहाव्याला त्यांनी मुकाट्यानं डॉडकडे हात पसरला आणि आपला चिकाचा मागितला. जिंकले नाहीत. पण शेवटपर्यंत त्याच एका चेंडूनं खेळले. आता जो तो तोच मागतो.

तुला एकच सांगायचंय. तू त्याला पत्रं लिहितोस ती पाणी किती गरम आणि किती वेळ एवढीच. तो ती पुन्हा पुन्हा वाचतो, काहीतरी शोधत असल्यासारखा. त्याला शिव्या दे. मला खोकल्यामुळे नीट देता येत नाहीत. माझ्या वाटच्याही तूच दे. पण गप्प राहू नकोस. आपल्या घरात गप्प राहणं फार झालं.

मध संपला. छान होता.

एफी

पिटनार्डी, १७ जून १८४८

निनियन,

एफी मंगळवारी सकाळी गेली. मी तिला पाणी द्यायला वळलो, ग्लास भरला, परत वळलो, तेवढ्यात. त्रास झाला नाही असं मी लिहिणार नाही. आधीचे चार दिवस फार झाला. मंगळवारी झाला नाही.

शुक्रवारी पुरलं, बाबा आणि आईच्या शेजारी. तुला कळवून तू पोचेपर्यंत थांबता येईना, हवा गरम होती. गल्लीतली पाचही घरं आली. मेजर हॅलकेट आले. थडग्याशी मी त्यांना सांगितलं, "गेल्या वर्षी तुम्हाला आवडलेले चेंडू हिनं भरले होते." त्यांनी टोपी काढलेलीच होती, ती पुन्हा घालून पुन्हा काढली.

पेटी खाली सोडताना दोऱ्या घरच्यांनी धरायच्या असतात, डोक्याकडची माझ्या हातात होती. उजव्या खांद्याकडची तुझी. डॉड पिरीनं हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे, ती निनियनची आहे." त्या बाजूनं पेटी जरा कलली. पण दिली नाही कुणाला.

गल्लीतल्या दोन घरांनी दांडे टाकले. हातोडी कशी मारायची ते विचारायला आले, मी तिनं आखलेला चेंडू दाखवला. थोरल्या क्रॉमार्टीनं तो हातात फिरवला आणि म्हणाला, "इतकं सोपं होतं?" मी त्याच्या हातात हातोडी दिली.

तू अजून त्या गोष्टीवर अक्षर लिहिलं नाहीस. लिही म्हणण्याचा मला हक्क नाही. पण घरात आता हातोडी थांबली की फार शांत होतं.

गॅव्हिन

लंडन, २६ जून १८४८

गॅव्हिन,

तू भेकड आहेस. गर्विष्ठ आहेस. आपली अब्रू तुला बहिणीच्या छातीपेक्षा मोठी वाटली. नऊ महिने तू दोन चेंडू पिंपात दडवून त्याच पिंपातली पिसं तिच्या हातात देत होतास. तुझं एप्रिलचं पत्र आल्यापासून मी हे रोज मनात म्हणतोय, कामावर म्हणतोय, जेवताना म्हणतोय. यातलं निम्मं एफीच्या वाटचं आहे, तिनं सांगितलं होतं म्हणून लिहिलं. ती असती तर याहून चांगल्या शिव्या दिल्या असत्या.

आता माझं ऐक.

परवा शनिवारी दुपारी मी ब्लॅकहीथला गेलो. टेकडीवरचं मोकळं मैदान आहे, तिथे गोल्फ खेळतात. आपलेच लोक, लंडनात येऊन राहिलेले. एका एडिनबराच्या गृहस्थाकडे काठी मागितली. खिशात चिकाचा एक चेंडू होता, तू लिहिलंस तसा ठोकलेला. ठेवला आणि मारला. माझा हात तुला माहीत आहे, मी कधीच खेळणारा नव्हतो. पण गेला, गॅव्हिन. उंच गेला, आणि वाऱ्यात जराही न डगमगता इतका लांब गेला की मला दिसेनासा झाला. ते गृहस्थ म्हणाले, "वा! कुणी केला हा?" मी काठी त्यांच्या हातात दिली आणि चालू लागलो, कारण मला रडू यायला लागलं होतं.

ब्लॅकहीथ माझ्या खोलीपासून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथे खेळतात हे मला लंडनात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ठाऊक होतं. गेल्या वर्षी तुला पुडकं पाठवलं त्याच आठवड्यात मी तिथे जाऊन दहा फटके मारू शकलो असतो. तुझं नाही आल्यावर जाऊ शकलो असतो. चेंडूवर ओरखडे पडायला सहा दिवस लागतात, तुला लागले तेवढेच. मी गेलो नाही. मला वाटायचं, गॅव्हिनला जास्त कळतं म्हणून गेलो नाही. ते खरं नाही. थोरल्यानं पुन्हा हिडीसफिडीस केलं, हे उराशी धरून बसायला मला बरं वाटत होतं. तू नाही म्हणालास आणि मी साचा जाळला. मला तो जाळायला आवडलं.

तू उडताना पाहिलास आणि बोलला नाहीस. मी बघायलाच गेलो नाही. एफी आपल्या दोघांच्या मधे बसून पिसं भरत होती.

मुकादमाला सांगून झालंय. बुधवारच्या बोटीनं निघतो, शुक्रवारी लीथ, शनिवारी दुपारपर्यंत पिटनार्डीला येईन. धक्क्यावर येऊ नकोस. मी आधी तिच्याकडे जाणार आहे, एकटा. मग घरी येतो. काही शिजवू नकोस, तुला येत नाही. मी मासे घेऊन येतो.

निनियन